पासवाले डॉक्टर

आमच्या सरांच्या संशोधन पेपरचा कुणी कुठं संदर्भ दिला, की सर त्या माणसाचा नंबर हुडकून काढायचे आणि त्याला फोन लावायचे. आभार मानायला नव्हे, उलटतपासणी घ्यायला! "नमस्कार. तुम्ही माझा पेपर लावलाय तुमच्या पेपरात. पूर्ण वाचला, का नुसता वरचा सारांश? बरं, मग सांगा, मी माणसं कशी निवडली होती?" समोरचा कुणी नागपूरचा, कुणी कोल्हापूरचा प्राध्यापक, त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. सर फोन ठेवायचे आणि माझ्याकडं बघायचे. "बग माय, न्हाई वाचला. नाव घेतंय, वळख न्हाई." आणि हे म्हणताना चेहऱ्यावर आनंद असा, की वरात दारात आलीय. मग चहा. प्रत्येक संदर्भामागं एक चहा, हा विभागाचा नियम होता.

बीडच्या एका कॉलेजात सर मानसशास्त्राचे विभागप्रमुख. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग त्यांच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारी. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, आणि सुट्ट्या लागल्या की बसा घरी. सर वर्गात शुद्ध बोलायचे, वर्गाबाहेर सिरसाळ्याकडचं त्यांचं गाव तोंडात असायचं. विभागातल्या सगळ्या मुली त्यांना 'माय'. नाव त्यांना कुणाचंच लक्षात राहायचं नाही.

त्यांच्या तऱ्हा सांगाव्यात तेवढ्या थोड्या. बीडमध्ये मोटारसायकलवरचा माणूससुद्धा हेल्मेट घालत नाही, आणि हा बाबा हेल्मेट घालून एसटीत बसायचा. भाजी आणायला हेल्मेट, अंत्यविधीला हेल्मेट. पोरं मागून ओरडायची. सर शांतपणे वळून सांगायचे, "आपला सगळा धंदा डोक्याचा हाय बाबा. हात मोडला तर चालंल."

दुसरी तऱ्हा कामातली होती. खेड्यात कुणाची मुलाखत घ्यायची असली की सर आधी स्वतःचं रडगाणं सुरू करायचे. मूळव्याध, मेव्हण्यानं केलेला अपमान, झोपेत येणारं तेच ते स्वप्न. समोरचा अनोळखी माणूस 'आरारा' करत ऐकायचा. "आपलं दुखणं आधी पुढ्यात ठिवायचं. मग समोरचं मानूस आपलं काढतंय," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं सरांच्या मूळव्याधीची खबर निम्म्या परळी तालुक्याला होती. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण खोटं कशाला बोलू, माणसं बोलायची. तासन् तास बोलायची.

आणि या माणसाच्या हातून ती चूक झाली.

सरांचे पेपर तसे बरेच होते, पण गाजला एकच. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांच्या मनाची तपासणी. दसऱ्याच्या आधी गावोगाव जाऊन शेकडो माणसांना प्रश्न विचारले: झोप लागते का, जीव नकोसा होतो का, उगाच रडू येतं का. मग त्यातले कोण टोळीबरोबर गेले आणि कोण गावात मागं राहिले, हे पाहिलं. निष्कर्ष असा निघाला की सगळे चाट पडले. टोळीबरोबर जाणाऱ्यांची मनं मागं राहणाऱ्यांपेक्षा कितीतरी धडधाकट! आम्ही कारणंही दिली होती. जोडीनं काम, चार घरांची सोबत, एकमेकांचा आधार. पेपरवर दोनच नावं होती. पहिलं सरांचं, दुसरं माझं.

लोकांच्या उड्या पडल्या त्या पेपरवर. संदर्भांचा आकडा असा चढायला लागला, की विभागात चहाची उधारी झाली. आमच्या प्राचार्यांना वाटलं, आता कॉलेजचं नाव होणार. त्यांनी गेटवर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला लावतात तसला भलामोठा फ्लेक्स लावला. हात जोडलेले सर, वर 'हार्दिक अभिनंदन', आणि खाली संदर्भांचा आकडा. आकडा वाढला की त्यावर नवीन कागद चिकटवायचे. सर वरवर म्हणायचे, "काय हे थेर!" पण रोज गेटमधून आत येताना त्यांची मान आपोआप तिकडं वळायची. हावरे होते ते त्या आकड्याचे, मी पाहिलंय ना.

आणि मी? माझी सगळी भिस्त त्याच पेपरवर होती. किती तरी वर्षांनी आमच्या विभागात कायमच्या जागेची जाहिरात निघाली होती. एकच जागा. सासूबाई रोज विचारायच्या, "अजून परमनंट न्हाई का झाली गं?" मुलाखतीत संशोधनाला गुण असतात, आणि माझ्याकडं दाखवायला त्या एका पेपरशिवाय काही नव्हतं. पण तो पुरेसा होता. प्राचार्य तसं बोलूनही गेले होते, "मॅडम, तुमचं झालंच म्हणून समजा."

मुलाखत आठ-दहा दिवसांवर आली आणि सरांना दुसऱ्या पेपरची हुक्की आली. त्याच गावांत, तेच प्रश्न, पुन्हा एकदा. जीप काढून आम्ही सिरसाळ्याच्या बाजूला गेलो.

जीपमधून उतरतोय तोच एक बाई घरातून पळत आली. सरांना बघून तिला झालेला आनंद मी विसरणार नाही. "अवो, पासवाले डॉक्टर आले!" ती आत बघून ओरडली. नवऱ्याला बाहेर ओढून आणलं, आमच्यासाठी चहा टाकला, आणि सरांसमोर हात जोडून बसली.

"मागल्या बारीला तुमी पास केलं म्हनून आमी गेलतो. या साली बी करा, डॉक्टर."

सर हसले. "कशात पास केलं म्या तुमाला?"

"ते न्हाई का, तुमी इचारलं होतं. झोप लागती का, जीव नकोसा हुतो का." मग तिनं आवाज खाली आणला. "ह्यायला झोप न्हाई बगा. रातच्याला उठून बसत्यात. पन तुमी इचारलं तर न्हाईच म्हनतील. म्या समदं शिकवून ठिवलंय."

सरांनी बशी खाली ठेवली. "कावून शिकवलं माय?"

"मंजे? व्हय म्हनलं तर टोळीचा मुकादम नेतो का कुनाला? मागं तुमच्या मोरं जे व्हय व्हय म्हनले, त्यायला न्हाईच नेलं. त्यो पलीकडचा, त्याची बायकू, समदे हितंच राह्यले."

नवरा जमिनीकडं बघत बसला होता. सर उठले आणि शेजारच्या घरात गेले. मग त्याच्या शेजारच्या. सगळीकडं तेच ऐकायला मिळालं, तेही सहज, चहा ओतता ओतता. कुणाच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यांनी हे गृहीतच धरलं होतं.

परत निघालो. परळीच्या वीज केंद्रातली राख वाहणारे टिप्पर समोरून येत होते, जीपच्या काचा बंद होत्या, आणि सर हेल्मेट घालूनच बसले होते. तेलगाव मागं पडलं. शेवटी मीच म्हणलं, "सर, एका गावाचं असेल."

"समद्या गावांचं हाय," सर म्हणाले. "आपन मानसं कुटं गाटली होती? मुकादमाच्या मांडवात. माझीच हुशारी. हितं समदे एका जागी सापडत्यात, दारोदार हिंडाया नको. मुकादम शेजारी सुपारी कातरीत बसला होता. त्याच्याच यादीतली नावं त्यानं पुकारली. त्याच्या मोरं कोन म्हनंल, मला जीव नकोसा झालाय? ज्यानं म्हनलं, त्याला त्यानं ठिवलं मागं."

मला ते कळत होतं, आणि कळून घ्यायचं नव्हतं. टोळीबरोबर जाणाऱ्यांची मनं धडधाकट नव्हतीच. ज्यांनी 'नाही' म्हटलं ते गेले. ज्यांनी खरं सांगितलं ते आमच्यामुळं राहिले, आणि आम्ही त्यांना 'मागं राहिलेले दुःखी' म्हणून मोजलं. पेपरचा निष्कर्ष आमच्याच प्रश्नांनी तयार केला होता.

"मी पेपर मागं घेतोय," सर म्हणाले.

"सर, मुलाखत पुढच्या गुरुवारी आहे."

"आन् समिती शुक्रवारी बसतीय."

तेही खरं होतं. कारखान्यांच्या तळांवर तोडकऱ्यांसाठी समुपदेशक पाठवायचे की नाहीत, हे ठरवणारी ती समिती. तिच्या मसुद्यात एक वाक्य होतं की या लोकांची मनोवस्था चांगली असल्याचं संशोधन सांगतं, सबब गरज दिसत नाही. खाली संदर्भ आमचा. तो संदर्भ सापडला तेव्हासुद्धा सरांनी चहा पाजला होता. सरकारदरबारी पोचलो म्हणून!

दुसऱ्या दिवशी सरांनी पेपर छापणाऱ्या नियतकालिकाला कळवलं. तिकडून उत्तर आलं की दोन्ही लेखकांची संमती हवी. झालं. म्हणजे दोरी माझ्या हातात. मी नुसती गप्प बसले असते तरी पेपर जिवंत राहणार होता.

सरांना मी काय काय बोलले, ते आठवलं तरी कान गरम होतात. विभागाचं दार लावून बोलले. "तुमचं काय जातंय? दोन वर्षांत पेन्शन घेऊन बसाल. मी अजून तासाच्या हिशेबानं जगतेय. तुमच्या मोठेपणासाठी माझा बळी कशाला?"

"खरं हाय तुझं," सर म्हणाले.

"मुकादमाच्या मांडवात बसायची कल्पना कुणाची होती?"

"माझी."

"मग भोगायचं मी?"

"ते बी खरंच हाय."

ही त्यांची सगळ्यात संताप आणणारी खोड. भांडायलाच तयार नाहीत! भिंतीशी तरी भांडता येतं. मी रडकुंडीला आले आणि शेवटी मीच तोडगा काढला. गुरुवारी मुलाखत देते, गुरुवारीच संध्याकाळी संमती पाठवते. समिती शुक्रवारी. म्हणजे दोन्ही साधतंय. मुलाखतीत कुणी काही बोलायचं नाही, बस्स. सरांनी हेल्मेट उचललं. मग म्हणाले, "तुझं नाव हाय. तुझी मर्जी."

त्या आठवड्यात त्यांनी जेवणाचा डबा उघडलेला मी पाहिला नाही. दिवसभर फोनवर. ज्यांनी ज्यांनी संदर्भ दिला होता त्यांना एकेकाला फोन. "तुम्ही माझा पेपर लावलाय. तो चुकलाय हो. काढता आला तर काढा." काहींना वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. एकजण म्हणाला, "सर, तुमचा पेपर काढला तर माझं आख्खं तिसरं प्रकरण पडतंय." त्यावर सरांनी फोन खाली ठेवला. "खांब माझा, घर त्यांचं," एवढंच म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्यांची दया आली आणि रागही आला. दोन्ही एकदमच.

प्राचार्यांना कुणकुण लागली. त्यांनी मला बोलावून घेतलं. संस्थेच्या अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणतात. तालुक्यातलं मोठं प्रस्थ, कॉलेज त्यांचंच. अण्णांचा निरोप असा होता की मॅडमनी काही करायचं नाही, कुठं काही लिहायचं नाही. "गप्प राहायला काय कष्ट पडतात का मॅडम?" प्राचार्य म्हणाले. मी मान हलवली.

बुधवारी दुपारी ती बाई आली. सिरसाळ्याहून एसटीनं, नवऱ्याला घेऊन. गावातून निघताना सरांनी तिला विभागाचा पत्ता देऊन ठेवला होता. विभागाच्या दारात उभी, पदर घट्ट ओढून. "हितं मुकादमाचं कोन न्हाई ना?" तिनं पहिल्यांदा हेच विचारलं.

सरांनी त्या माणसाला खुर्चीवर बसवलं आणि नेहमीप्रमाणं स्वतःचं सुरू केलं. पण या वेळी मूळव्याध नव्हती. "म्या एक मोठी चूक केली बाबा. जेवन जात न्हाई. तोंड दावू वाटंना कुनाला." तो माणूस प्रथमच मान वर करून बघायला लागला. हळूहळू बोलायला लागला. झोप येत नाही. उसाचा फड डोळ्यांपुढं आला की छातीत धडधडतं. कोयता हातात घेतला की आपलाच हात तोडावा असं वाटतं, म्हणून मग कोयता घोंगडीखाली लपवून ठेवतो. हे सांगताना त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. बायको तोंडात पदर कोंबून रडत होती, आणि रडता रडता सरांचा हात धरून सांगत होती, "लिवू नका डॉक्टर. येवढं लिवू नका."

सरांनी पेन उचललंच नव्हतं. त्यांनी दवाखान्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला आणि दोघांना स्वतः सोबत घेऊन गेले. जाताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, निदान मला राग तरी आला असता.

गुरुवारी मुलाखत. मोठं टेबल, मधोमध अण्णा, एका बाजूला प्राचार्य, दुसऱ्या बाजूला विद्यापीठातून आलेल्या विषयतज्ज्ञ बाई. विभागप्रमुख म्हणून टोकाला सर, हेल्मेट मांडीवर. सुरुवातीचे प्रश्न सोपे गेले. मग त्या बाईंनी माझा पेपर पुढं ओढला.

"छान काम आहे. आज हेच सर्वेक्षण पुन्हा केलं तर हाच निष्कर्ष येईल, असं तुम्हाला वाटतं?"

त्यांना काही माहीत नव्हतं. साधा, नेहमीचा प्रश्न होता तो.

प्राचार्य खाकरले. "येणारच की मॅडम. एवढे लोक संदर्भ देतात."

अण्णांनी घड्याळ बघितलं. "हो म्हना बाई, आन् व्हा मोकळ्या. भाईर लई मानसं थांबल्यात."

मी सरांकडं बघितलं. ते हेल्मेटवरचा कसला तरी डाग नखानं खरवडत होते. वाटलं, आता बोलतील. काहीतरी बोलून मला सोडवतील, नाहीतर बुडवतील तरी. पण ते मान वर करेनात. 'हो' हा शब्द जिभेवर तयार होता, आणि तो काही केल्या बाहेर पडेना. कालच्या त्या माणसाचे मांडीखाली दाबलेले हातच डोळ्यांपुढं येत होते.

"नाही," मी म्हणाले. "तो निष्कर्ष चुकीचा आहे."

मग सगळं सांगितलं. मांडव, मुकादम, यादी, मागं ठेवलेली माणसं. तज्ज्ञ बाईंनी पेपर हळूच मिटला. प्राचार्य कपाळाला हात लावून बसले.

अण्णा मात्र चिडले नाहीत. मला वाटतं, त्यांना खरोखरच कुतूहल होतं. "मंजे बाई, हा पेपर गेला तर तुमच्याजवळ दाखवायला राह्यलं काय?"

"काही नाही," मी म्हणाले. खरंच काही नव्हतं.

घरी जायच्या आधी, कॉलेजच्या पायरीवर बसून मी संमती पाठवली. सरांनी ते त्याच रात्री समितीला कळवलं. शुक्रवारी समितीनं मसुद्यातलं ते वाक्य काढलं. समुपदेशक पाठवायचे की नाही, ते पुढच्या बैठकीवर ढकललं. जागा लातूरच्या एका मुलीला मिळाली. हुशार होती, तिचं वाईट मी चिंतत नाही. प्राचार्यांनी रातोरात फ्लेक्स उतरवला आणि अण्णांनी सरांना भेटायचं टाळलं. इंटरनेटवर आमच्या पेपरच्या प्रत्येक पानावर आता लाल अक्षरांत 'मागे घेतला' असं आडवं लिहिलेलं असतं, आणि गंमत म्हणजे लोक अजूनही त्याचा संदर्भ देतात.

निकाल लागल्यावर मी कॉलेजात गेले नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी सर घरी आले. पहिल्यांदाच. सासूबाईंनी पाणी दिलं, चहा टाकला आणि स्वयंपाकघराच्या दारात, पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. सर खुर्चीच्या टोकावर बसले होते. खंगले होते.

"राग हाय का माय माझ्यावर?"

"नाही सर," मी म्हणाले. "राग कशाचा?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. चहा तसाच ठेवून ते उठले, म्हणाले, "चल, जरा भाईर बसू." अंगणाच्या पार कडेला, लिंबाखाली, त्यांनी जमिनीवरच बसकण मारली आणि मलाही बसायला लावलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. घराचं दार लांब राहिलं होतं.

"आता सांग. राग हाय?"

"हाय," मी म्हणाले.

"लई?"

"लई."

"बरं," सर म्हणाले आणि मांडी नीट घालून बसले. "बोल मग. हितं कोन न्हाई."

आणि मी बोलायला लागले.